हयातीचा दाखला

ऑगस्ट २०१७ मधली एक बातमी अजूनही व्हॉट्सॲपवर फिरते. अंधेरीचं लोखंडवाला, दहावा मजला. अमेरिकेहून आलेल्या मुलाने बेल वाजवली, दार उघडेना, शेवटी चावीवाल्याला बोलावून उघडलं, तर आत आईचा सांगाडा. वय ६३. मायलेकांचं शेवटचं बोलणं एप्रिल २०१६ मधलं. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती पुन्हा आली, तारीख काढून टाकलेली, जणू कालचीच, आणि खाली रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग वाद ठरलेल्या वळणांनी गेला. एकाचं म्हणणं, डॉलर मोजणारी पोरं कृतघ्न. दुसऱ्याचं, तुम्हीच ॲडमिशन मिळाल्यावर पेढे वाटलेत, आता कसले गळे काढता? तिसऱ्याने एकत्र कुटुंबपद्धतीवर तीन परिच्छेदांचा फॉरवर्ड टाकला. साडेअकराला सगळे दमून झोपले आणि सकाळी सहाला सूर्यफुलासकट सुप्रभात.

मला वाटतं, हा वादच चुकीच्या दारावर धडका देतोय. तो मुलगा चांगला की वाईट, हे ठरवण्याइतकं त्या घराबद्दल आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. समजा तो अगदी श्रावणबाळ असता आणि विमानाच्या अपघातात आईच्या आधी गेला असता, तर? तर त्या बाईंचं दार कुणी ठोठावलं असतं? खरा प्रश्न हा आहे की, रोज दिसणारं माणूस दिसेनासं झालं तर ते लक्षात येणं हे नेमकं कुणाचं काम? माझं उत्तर थोडं कोरडं आहे. हे काम प्रेमावर सोपवू नये. प्रेम कितीही खरं असलं तरी ते वेळापत्रक पाळत नाही. ते भांडतं, रुसतं, आजारी पडतं, सात समुद्रांपलीकडे असतं. दखल घ्यायला हजेरीपट लागतो. पूर्वी माणूस गेल्याचं तासाभरात कळायचं ते लोक जास्त प्रेमळ होते म्हणून नव्हे. नळ एक होता, संडास सामाईक होता, गॅलरीतून गेल्याशिवाय कुणाला बाहेर पडता येत नव्हतं, दूधवाला हातात भांडं घेतल्याशिवाय हलत नव्हता. चाळीतला हा हजेरीपट आपण मोडून खाल्ला आणि त्याच्या जागी प्रवचन ठेवलं.

कुटुंबाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. दर रविवारी फोन करणारं एखादं माणूस असेल तर प्रेत वर्षभर पडून राहत नाही, हे उघड आहे. भरल्या घरात आजोबा चहाला आले नाहीत तर कुणीतरी खोलीत डोकावतंच. आई-वडिलांना सांभाळणं हे मुलांचं कर्तव्य आहे असं आपला २००७ चा कायदाही सांगतो. पोटगीसाठी न्यायाधिकरण आहे, दाद मागता येते. हे सगळं मान्य. पण घर भरलेलं असलं की लक्ष असतंच, हे गृहीत कुठून आलं? जुलै २०१० मध्ये टोकियोच्या अदाची भागातल्या अधिकाऱ्यांना शहरातल्या सर्वांत वृद्ध पुरुषाचा सत्कार करायचा होता. कागदावर वय १११. घरचे म्हणत, त्यांना कुणाला भेटायचं नाही. शेवटी पोलीस आत गेले तेव्हा अंथरुणावर वाळलेला देह मिळाला, सुमारे तीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचा. घरात लेक होती, नातवंडं होती. आणि पेन्शन नियमित उचललं जात होतं. त्यानंतर जपान सरकारने कुटुंबनोंदण्या तपासल्या, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या, पण ठावठिकाणा नसलेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक व्यक्ती कागदावर ‘जिवंत’ निघाल्या. म्हणजे ज्या देशाच्या आईवडिलांविषयीच्या आदराचे आपण फॉरवर्ड पाठवतो, तिथली ही गोष्ट.

आणि जपानपर्यंत जायची गरज काय? आपल्याच एकत्र कुटुंबाच्या सुवर्णकाळात माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत आलवण नेसलेली विधवा असायची. घरात वीस-पंचवीस पानं उठायची आणि ती कुणाच्या खिजगणतीत नसायची. काहींना काशीला नेऊन सोडलं जायचं. तिथे गेलेल्या किती विधवांचं मरण घरी कळलं असेल, आणि किती वर्षांनी? त्या काळातही उपदेश करणारे पुष्कळ होते. अण्णासाहेब कर्व्यांनी कुटुंबांच्या काळजाला हात घालत बसण्यापेक्षा १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली, १९०० मध्ये ती हिंगण्याच्या माळावर नेली, आणि वर्गणीसाठी दारोदार फिरले. घराने जे काम करायला हवं होतं पण केलं नाही, ते घराबाहेर उभं करता येतं, हे शहाणपण महाराष्ट्राला सव्वाशे वर्षं माहीत आहे. तरी आज एकट्या म्हाताऱ्यांचा विषय निघाला की आपण पुन्हा संस्कारांपाशी येऊन का बसतो? कदाचित संस्कारांना बजेट लागत नाही म्हणून.

दुसरा लाडका आरोपी म्हणजे शेजारी. ‘हल्ली शेजारधर्मच उरला नाही.’ लंडनच्या पेकॅम भागात फेब्रुवारी २०२२ मध्ये एका फ्लॅटमध्ये एका बाईंचा सांगाडा सापडला. त्या ऑगस्ट २०१९ च्या सुमारास गेल्या होत्या. आता हे वाचून ‘बघा, गोऱ्यांची संस्कृती’ म्हणायचा मोह होईल, पण जरा थांबा. शेजाऱ्यांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या होत्या, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. घरमालक संस्थेने काय केलं? भाडं थकलं म्हणून ते सरकारी भत्त्यातून परस्पर वळतं करून घेण्याची व्यवस्था केली. गॅसच्या तपासणीला दार उघडलं नाही म्हणून गॅस तोडला. पोलीस ऑक्टोबर २०२० मध्ये दोनदा येऊन गेले आणि बाई सुखरूप असल्याचा चुकीचा निरोप संस्थेपर्यंत पोचला. शेजारधर्म जिवंत होता. त्याचं म्हणणं ऐकून दार उघडायला लावणारी खुर्ची कुठेच नव्हती.

उलट उदाहरण अमेरिकेतलं, मिशिगनच्या पॉन्टियॅक गावातलं. मार्च २०१४ मध्ये एका घराच्या गॅरेजमध्ये, गाडीच्या मागच्या सीटवर, एका बाईंचा वाळून गेलेला देह सापडला. मृत्यू पाच-सहा वर्षांपूर्वीचा. त्या कामानिमित्त सतत परगावी असायच्या म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही, आणि शेजारचा भला माणूस त्यांच्या अंगणातलं गवत वाढलं की आपणहून कापून टाकत असे. त्याच्या चांगुलपणाने ते घर वर्षानुवर्षं राहतं दिसत राहिलं! इतकी वर्षं हप्ते आणि बिलं बँकेच्या खात्यातून आपोआप जात होती. खात्यातले पैसे संपले, हप्ता थकला, बँकेने घर ताब्यात घेऊन दुरुस्तीला माणूस पाठवला, तेव्हा कळलं.

टोकियोजवळच्या मात्सुदो शहरातल्या तोकिवादायरा वसाहतीत तर हे त्याआधीच घडून गेलं होतं. १९६० च्या सुमारास बांधलेली ही वसाहत त्या काळच्या नोकरदार जोडप्यांचं स्वप्न. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर, दार बंद केलं की आपण आणि आपलं घर. आपल्याकडे चाळीतून ‘सेल्फ-कंटेन्ड’ ब्लॉकमध्ये जाताना जो आनंद झाला होता, तोच. २००० साली तिथे ६९ वर्षांचा एक माणूस मेल्यानंतर तीन वर्षांनी सापडला. भाडं, वीज, पाणी सगळं खात्यातून कापलं जात होतं. शिल्लक संपली तेव्हा दार वाजलं. जपानीत अशा मरणाला ‘कोदोकुशी’ हा शब्द रुळला. या तीन गोष्टींत एक जागा सारखी आहे, आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथे आहे. माणूस नाहीसं झाल्याने कुठलीही घंटा वाजली नाही. पैसा नाहीसा झाला की मात्र कुठे ना कुठे एखादं पत्र, एखादा माणूस, एखादी जप्ती हलते.

हे परदेशी यंत्रांचं पाप आहे असं समजू नका. मी चार वर्षं आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. मेंटेनन्स थकला तर काय करायचं हे आपल्या सहकार कायद्याने आणि आदर्श उपविधींनी पायरी पायरीने लिहून ठेवलंय: नोटीस, माझ्या वेळी तरी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज, वसुलीचा दाखला. सभासद मेल्यावर फ्लॅट कुणाच्या नावावर करायचा यासाठी नॉमिनेशनचा फॉर्म आहे, तोही तीन प्रतींत. सभासद दोन महिने दिसला नाही तर कुणाला कळवायचं, यासाठी आमच्या फायलीत एक रकाना नव्हता. गेटवरच्या ॲपला पिझ्झा आणणाऱ्या मुलाचं नाव, फोटो, यायची-जायची वेळ सगळं ठाऊक असतं. आत राहणारं कोण किती दिवसांत बाहेर पडलंच नाही, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

आणि यात माझाही वाटा आहे. ‘बी’ विंगमधले एक आजोबा दर महिन्याच्या पाच तारखेला चेक घेऊन घरी यायचे. दहा मिनिटं बसायचे, पंख्याखालची खुर्ची मागून घ्यायचे, पावती मिळेपर्यंत लिफ्टच्या आवाजाबद्दल तक्रार करायचे. मी त्यांचा त्रास वाचवला; म्हणजे खरं तर माझा. बँकेत बरोबर जाऊन ऑटो-डेबिट करून दिलं. त्यानंतर सात महिने मी त्यांना पाहिलं नाही. ते ठणठणीत होते, पण हे मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचं कारणही उरलं नव्हतं. माझ्या वहीत ते आदर्श सभासद होते.

सरकारचंही असंच. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला देतात. बँकेत रांग लावून, नाहीतर २०१४ पासून जीवन प्रमाण या डिजिटल सोयीने, बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून. पोस्टमन घरी येऊनही ते करून देतो. म्हणजे माणूस जिवंत आहे का हे बघायला घरोघर जाण्याची यंत्रणा या देशात आहे, आणि ती चांगली चालते. फक्त ती तिजोरीच्या काळजीपोटी आहे. ज्याला पेन्शन नाही त्याच्या हयातीची चौकशी कुणालाच पडलेली नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तो म्हणतो, मला एकटं राहू द्या. एकटेपणा आणि एकांत यात फरक आहे. आयुष्यभर नवऱ्याच्या, सासूच्या, मुलांच्या नजरेखाली राहिलेल्या बाईला साठीनंतर मिळालेला बंद दरवाजा हा तिचा पहिला हक्काचा ऐवज असू शकतो. तिच्यावर पुन्हा पहारा बसवायचा? चाळीतला हजेरीपट तुम्हाला गोड वाटतो, पण तोच हजेरीपट कुणाकडे कोण आलं, कोण रात्री उशिरा परतलं याच्याही नोंदी ठेवायचा. आणि सरकारने दार ठोठावण्याचा अर्थ पुणेकरांना तरी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडचे सोल्जर घरात घुसून तपासण्या करत होते, तेही लोकांच्या आरोग्यासाठीच म्हणे. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते आपण शाळेत शिकलोय.

हा आक्षेप मला मनापासून पटतो, आणि म्हणूनच तो अर्धवट सोडायचा नाही. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुलेही दारोदार जात होत्या. आजाऱ्यांना उचलून हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. एका आजारी मुलाला असंच नेताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एकच शहर, एकच साथ, एकाच वर्षी दोन प्रकारची माणसं दार वाजवत होती. एकाला घराच्या मालकाची परवानगी नको होती, दुसऱ्याला आतल्या माणसाचं नाव माहीत होतं. दार वाजवणं हाच जुलूम असेल तर मग दोघांत फरक उरत नाही. फरक आहे तो कोण वाजवतं, कशासाठी, आणि आतल्याने ‘आज नको’ म्हटलं तर ते मागे फिरतं का, यात.

फ्रान्सने हे गणित सोडवून दाखवलं, तेही फार मोठी किंमत मोजल्यावर. ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत तिथे सुमारे १५ हजार माणसं गेली, बहुतेक वृद्ध. सुट्ट्यांचा महिना, पॅरिस ओस पडलेलं, मुलं समुद्रावर. ३ सप्टेंबरला पॅरिसजवळच्या तिए इथल्या दफनभूमीत ५७ बेवारस देह पुरले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः उभे होते. तिथेही पहिले काही आठवडे कुटुंबांच्या नावाने बोटं मोडून झाली. पण पुढच्याच वर्षी कायदा आला: प्रत्येक महापौराने एकट्या राहणाऱ्या वृद्ध आणि अपंग व्यक्तींची यादी ठेवायची, नाव घालायचं की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं, उष्म्याचा इशारा निघाला की यादीतल्या लोकांना फोन करायचे. ज्याला एकांत हवा त्याला एकांत, ज्याला फोन हवा त्याला फोन. पहारा कुठे आहे यात?

शिकागोचा अनुभव याहून बोलका आहे. जुलै १९९५ च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायननबर्ग यांनी एकमेकींना खेटून असलेल्या दोन वस्त्या ताडून पाहिल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे. पहिल्या वस्तीत लाखामागे ४० मृत्यू, दुसऱ्या वस्तीत ४. दुसरीकडे फुटपाथवर दुकानं होती, गर्दी होती, म्हाताऱ्यांना बाहेर पडायला निमित्त होतं. पहिलीकडे मोकळे प्लॉट, बंद दुकानं आणि भीती. दुसऱ्या वस्तीतली मुलं कमी कृतघ्न आणि पहिलीतली जास्त, असं कुणी म्हणेल का? कोपऱ्यावरचं किराणा दुकान माणसं वाचवतं. आणि आपण पुनर्विकासात पहिल्यांदा ते दुकान घालवतो, मग दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या ॲपचं कौतुक करतो.

शेवटचा एक प्रश्न राहतो, आणि तो एका मित्राने मला तोंडावर विचारला. ‘मेल्यावर काय फरक पडतो रे? सांगाडा आज सापडला काय, वर्षाने काय.’ मेलेल्याला पडत नाही, कबूल. घरी एकट्याने, झोपेत मरण येणं ही माझ्या लेखी शोकांतिकाही नाही. पुष्कळांना ते भाग्यच वाटेल. जपानी पोलिसांच्या २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांच्या आकड्यांत घरी एकट्याने मेलेली ३७,२२७ माणसं आहेत, त्यांतली साधारण ४० टक्के एका दिवसाच्या आत सापडली. त्यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये. बोलतोय ते महिन्याहून जास्त काळ न सापडलेल्या ३,९३९ जणांबद्दल आणि वर्षाहून जास्त काळ न सापडलेल्या १३० जणांबद्दल. कारण जे दार वर्षभर वाजत नाही, ते पहिल्या दिवशीही वाजलेलं नसतं. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं माणूस लगेच मरत नाही. ते पडून राहतं. घसा सुकतो, दाबलेले स्नायू खराब होऊ लागतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. त्या वेळात कुणी आलं तर ते माणूस वाचू शकतं. सांगाडा ही बातमी होते. त्यामागचे ते दोन-तीन दिवस कुठल्याच बातमीत येत नाहीत.

मग करायचं काय? गंमत अशी की आपल्याकडे नियम आधीच आहे. २००७ च्या त्याच कायद्याखाली केंद्राने राज्यांसाठी जे आदर्श नियम केले, त्यांत प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलीस ठाण्याच्या माणसाने, शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकासह, महिन्यातून एकदा तरी भेट द्यावी, असं स्पष्ट लिहिलंय. या कायद्यातली पोटगीची कलमं सगळ्यांना पाठ असतात, कारण त्यांत मुलाला कोर्टात खेचायची सोय आहे. महिन्याच्या भेटीची ओळ कुणी फॉरवर्ड करत नाही. पोलिसांवर आधीच कामाचे डोंगर आहेत हे दिसतंच. मग भेटीचा भार पोस्टमनवर टाका. फ्रान्सचं टपाल खातं २०१७ पासून पैसे घेऊन वृद्धांच्या घरी अशी फेरी मारतं. आपला पोस्टमन हयातीच्या दाखल्यासाठी वर्षातून एकदा जिना चढतोच, बारा वेळा चढवायला काय लागेल त्याचा हिशेब मांडा. आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत थकबाकीच्या कलमाशेजारी एक कलम वाढवा. त्यासाठी कुणाला कुणावर प्रेम करावं लागणार नाही.

तोकिवादायराच्या एका वृद्ध बाईंनी स्वतःपुरता यावर उपाय शोधला होता. समोरच्या इमारतीतल्या शेजारणीला त्यांनी सांगून ठेवलं होतं की, रोज सकाळी माझ्या खिडकीचा कागदी पडदा उघडलेला दिसेल. नाही दिसला तर समज. दोघींत बाकी काही जिव्हाळा होता की नाही, मला ठाऊक नाही. पडदा पुरेसा होता.

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या वार्षिक सभेत मी ‘आयत्या वेळचे विषय’ यात एक साधा फॉर्म मांडला. एकच प्रश्न: तीन दिवस दार उघडलं नाही तर कुणाला कळवायचं? एका सभासदाला हे अभद्र वाटलं. दुसऱ्याने विचारलं की, असला फॉर्म असल्याचं बाहेर कळलं तर फ्लॅटच्या भावावर परिणाम होईल का. पार्किंगच्या भांडणात वेळ संपत आली होती म्हणूनच बहुधा विषय मंजूर झाला. फॉर्म येताहेत, सावकाश. बहुतेकांनी मुलांचे नंबर लिहिलेत, पुढे देशाचा कोड लावून. ‘बी’ विंगमधल्या आजोबांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यांनी मात्र कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं नाव आणि नंबर लिहिलाय, आणि कंसात, ‘मंगळवार व शुक्रवार येतो’. फॉर्मला टाचणीने त्या महिन्याच्या मेंटेनन्सचा चेक लावलेला होता.